कवटीपलीकडचा वेग

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा तो घेतो आणि शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी २० टक्के एकटा संपवतो. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त लागते. ते २०च्या खाली उतरले की चेतापेशींचे काम थांबते. १०च्याही खाली गेले की त्या काही मिनिटांत मरू लागतात. मेंदूजवळ स्वतःचा साठा जवळपास नसतोच. म्हणून गंभीर रुग्णाच्या बाबतीत हा पुरवठा कसा चालला आहे हे डॉक्टरांना रोज, कधी कधी तासातासाला कळावे लागते.

सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफीतून पुष्कळ काही कळते. पण त्यासाठी रुग्णाला व्हेंटिलेटरसकट दुसऱ्या मजल्यावर न्यावे लागते आणि हाती येते ते त्या एका वेळेचे चित्र. सोनोग्राफीचा प्रोब मात्र खाटेपाशी येतो, त्यात क्ष-किरण नसतात, आणि सकाळची तपासणी संध्याकाळी पुन्हा करता येते. गेल्या चार दशकांत या सोयीने काय साधले आणि कुठे तिच्याकडून नको तेवढ्या अपेक्षा केल्या गेल्या, हे आता नीट सांगता येण्याइतका पुरावा जमला आहे.

मुळातले तत्त्व जुने. ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ साली प्रागमध्ये जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला: लहरींचा उगम जवळ येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली जाणवते, दूर जात असेल तर घटलेली. ताऱ्यांच्या रंगांबाबतचा त्यांचा तर्क फसला, तत्त्व खरे ठरले. तीन वर्षांनी बाइस बॅलट यांनी उत्रेख्तजवळ रेल्वेवर तुतारीवादक चढवून आणि फलाटावर स्वरांची जाण असलेले लोक उभे करून ते पडताळले. विज्ञानाच्या इतिहासातल्या इतक्या गमतीदार प्रयोगानंतर रक्तापर्यंत पोहोचायला मात्र शंभरावर वर्षे गेली. १९५०च्या दशकात जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी श्राव्यातीत लहरी आणि डॉपलरचे तत्त्व यांची सांगड घालून हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या हालचाली टिपल्या. पुढे मानेतल्या कॅरोटिड धमनीची डॉपलर तपासणी नेहमीची झाली.

कवटी आड येत होती. हाड श्राव्यातीत लहरी शोषते आणि विखुरते, आणि वारंवारता जितकी जास्त तितकी जास्त शोषते. मानेसाठी वापरले जाणारे पाच-सात मेगाहर्ट्झचे प्रोब तिथे निकामी होते. नॉर्वेचे रुने आस्लिड यांनी मार्कवाल्डर आणि नोर्नेस यांच्यासह १९८२ साली दाखवून दिले की दोन मेगाहर्ट्झपर्यंत खाली उतरून, तुटक स्पंदनांच्या रूपात लहर सोडली, तर कानशिलाच्या पातळ हाडातून ती आत जाते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग घेऊन परत येते. ट्रान्सक्रॅनियल डॉपलर, म्हणजे रुग्णालयातल्या भाषेत टीसीडी, तिथून सुरू झाली.

तपासणी दिसायला साधी. गालाच्या हाडाच्या वर, कानाच्या पुढे जेल लावून प्रोब टेकवायचा आणि लहर किती खोलीवरून परत येते ते बदलत धमनी शोधायची. ४५ ते ६५ मिलिमीटरवर, प्रोबच्या दिशेने येणारे रक्त मिळाले तर ती मिडल सेरेब्रल आर्टरी. त्याहून खोल, दूर जाणारे मिळाले तर अँटीरियर. मानेच्या मागून, कवटीच्या तळाच्या भोकातून व्हर्टिब्रल आणि बॅसिलर धमन्या सापडतात. मिटलेल्या पापणीवरून, लहरीचा जोर बराच कमी करून, डोळ्याची धमनी. साध्या टीसीडीत चित्र नसते. असतो तो पडद्यावरचा वेगाचा आलेख आणि स्पीकरमधला सूंऽसूं आवाज. अनुभवी तंत्रज्ञ आलेखाआधी आवाजावरून धमनी ओळखतो. पुढे आलेल्या रंगीत डॉपलरमध्ये धमनी लाल-निळ्या रंगात दिसते, त्यामुळे आपण नेमके कुठे आहोत हे कळते आणि लहर व धमनी यांच्यातला कोन दुरुस्त करता येतो.

अडचण एकच, पण मोठी: दहा ते वीस टक्के लोकांमध्ये कानशिलाचे हाड इतके जाड असते की आतले काही ऐकूच येत नाही. ‘विंडो मिळत नाही’ असे तंत्रज्ञ म्हणतात. वय वाढलेल्या स्त्रियांमध्ये हे जास्त आढळते. म्हणजे ज्या वयात पक्षाघाताचा धोका वाढतो त्याच वयात हे दार बंद होत जाते.

आता मुख्य गोष्ट. टीसीडी वेग मोजते. प्रवाह मोजत नाही. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार जोरात उडते, पण बादली लवकर भरत नाही. प्रवाह म्हणजे वेग गुणिले धमनीचे छेदक्षेत्र, आणि हे क्षेत्र टीसीडीला कळत नाही. धमनीचा व्यास पाच टक्क्यांनी घटला तर क्षेत्र जवळपास दहा टक्क्यांनी घटते, आणि एवढा फरक रंगीत डॉपलरच्या चित्रातही भरवशाने पकडता येत नाही. त्यामुळे वेग वाढलेला दिसला तर त्याचे दोन अगदी उलटे अर्थ होऊ शकतात: धमनी आकसली आहे आणि पुढे रक्त कमी पोहोचते आहे, किंवा धमनी आहे तशीच आहे आणि तिच्यातून जास्त रक्त वाहते आहे. ताप, थायरॉइड, रक्तातला वाढलेला कार्बन डायऑक्साइड, हृदयाचा वाढलेला जोर आणि रक्तक्षय, सगळे वेग वाढवतात. रक्तक्षय मुद्दाम शेवटी लिहिला, कारण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडच्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना तो आहे. परदेशी पुस्तकातले ‘सामान्य’ वेग इथल्या रुग्णाला लावताना शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा नसेल, तर तो अहवाल अर्धाच समजावा.

या तपासणीचे यशापयश मला तरी एकाच कसोटीवर उलगडते. जिथे वेगाचा एक ठरावीक आकडा एका ठरावीक निर्णयाशी जोडला गेला आणि ती जोडणी रुग्णांवर पारखून घेतली गेली, तिथे टीसीडीने जीव वाचवले. जिथे वेगालाच प्रवाह, दाब किंवा निदान मानले गेले, तिथे तिने निराशा केली.

पहिला वापर मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावात झाला. धमनीवरचा फुगा फुटून रक्त पसरले की चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत मेंदूच्या धमन्या आकसण्याची भीती असते. फुटलेला फुगा शस्त्रक्रियेने बंद केलेला रुग्ण सातव्या दिवशी अचानक एका अंगाने लुळा पडतो, तो यामुळे. मिडल सेरेब्रल आर्टरीतला सरासरी वेग एरवी सेकंदाला ६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो १२०च्या वर गेला तर आकुंचनाचा संशय आणि २००च्या वर गेला तर तीव्र आकुंचन, असे ठोकताळे बसले. नुसत्या वाढलेल्या प्रवाहामुळे फसगत होऊ नये म्हणून ओस्लोच्या लिंडेगार्ड यांनी सोपी युक्ती काढली: मेंदूतल्या वेगाला मानेतल्या कॅरोटिडच्या वेगाने भागायचे. दोन्हीकडे वेग वाढला असेल तर गुणोत्तर फारसे हलत नाही. ते तीनच्या वर गेले तर आकुंचन धरायचे, सहाच्या वर गेले तर तीव्र. अतिदक्षता विभागात रोजचा वेग लिहून ठेवला जातो आणि एका दिवसात आलेख एकदम चढला तर डॉक्टर सावध होतात. एकेका आकड्यापेक्षा हा चढ जास्त बोलका असतो.

तरी इथेही एक धडा मिळाला. क्लाझोसेंटान नावाच्या औषधाने धमन्यांचे आकुंचन स्पष्टपणे कमी झाले, पण २०११च्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अखेरची स्थिती सुधारली नाही. रक्तस्रावानंतर मेंदूचे नुकसान मोठ्या धमन्यांच्या आकुंचनाशिवायही होते. अतिसूक्ष्म वाहिन्यांतल्या गुठळ्या आणि चेतापेशींतल्या विद्युत लाटा टीसीडीच्या कानावर येत नाहीत. आलेख शांत आहे म्हणून रुग्ण सुरक्षित आहे, असे कोणताही जाणता न्यूरोसर्जन धरत नाही.

टीसीडीचे सर्वांत लखलखीत यश सिकलसेलमध्ये आहे, आणि तोच भाग आपल्याला सर्वांत जवळचा. सिकलसेलच्या मुलांमध्ये मेंदूच्या तळाच्या धमन्या आतून हळूहळू जाड होतात, आणि काही केले नाही तर वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर शंभर मुलांमागे सुमारे अकरा जणांना पक्षाघात होतो. अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑगस्टा येथे रॉबर्ट ॲडम्स यांनी मुलांच्या टीसीडी करून त्यांचा पाठपुरावा केला आणि १९९२मध्ये दाखवले की वेग जास्त असलेल्या मुलांना पुढे पक्षाघाताचा धोका कितीतरी जास्त असतो. त्यातून ‘स्टॉप’ ही चाचणी उभी राहिली. जवळपास दोन हजार मुले तपासली गेली. ज्यांचा सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त निघाला अशा १३० जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला नियमित रक्त दिले, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांच्या गटात अकरा पक्षाघात झाले, रक्त दिलेल्या गटात एक. धोका ९२ टक्क्यांनी घटला. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. निष्कर्ष १९९८ साली छापून आले.

पुढचा प्रश्न स्वाभाविक होता: वेग ताळ्यावर आला की रक्त देणे थांबवता येईल का? दुसऱ्या ‘स्टॉप’ चाचणीत थांबवून पाहिले तर मुलांचे वेग पुन्हा चढले, दोघांना पक्षाघात झाला, आणि २००५मध्ये उत्तर आले की थांबवू नका. पण दर महिन्याला रक्त म्हणजे शरीरात साचत जाणारे लोह, ते काढणारी औषधे, आणि आयुष्यभराच्या रुग्णालयाच्या वाऱ्या. २०१६ साली ‘ट्विच’ चाचणीने वाट मोकळी केली: किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या गंभीरपणे अरुंद न झालेल्या मुलांना हळूहळू हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांवर आणता येते, वेग आवाक्यात राहतो. उत्तर नायजेरियात तर दरमहा रक्त मिळणेच कठीण. तिथे स्थानिक डॉक्टरांना टीसीडी शिकवून, वेग वाढलेल्या मुलांना सुरुवातीपासूनच हायड्रॉक्सियुरिया दिले गेले. २०२२च्या अहवालानुसार कमी आणि मध्यम डोसमध्ये पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. गरीब देशासाठी या निष्कर्षाचे मोल ‘स्टॉप’इतकेच आहे, थोडे अधिकच म्हणा.

यात एक बारकावा सुटतो. २०० हा आकडा चित्र नसलेल्या जुन्या टीसीडीवर बसवलेला आहे. रंगीत डॉपलरवर त्याच मुलाचा वेग साधारण दहा टक्क्यांनी कमी भरतो, म्हणून तिथे धोक्याची रेषा १८५च्या आसपास ओढावी लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रंगीत यंत्रच असते. अहवालात यंत्राचा प्रकार लिहिला नसेल तर १९० वेग असलेले मूल ‘ठीक’ म्हणून घरी जाऊ शकते.

गर्भाच्या बाबतीतही वेगाचा असाच नेमका उपयोग झाला. आईचे आणि बाळाचे आरएच रक्तगट जुळत नसतील तर पोटातल्या बाळाला रक्तक्षय होऊ शकतो. पूर्वी त्याचा अंदाज घ्यायला गर्भजलात पुन्हा पुन्हा सुई घालावी लागे. रक्त पातळ झाले की वेग वाढतो, हे जे मोठ्यांमध्ये फसवते तेच इथे कामाला आले. जानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवले की गर्भाच्या मिडल सेरेब्रल आर्टरीतला कमाल वेग त्या आठवड्याच्या मध्यमूल्याच्या दीडपट झाला, तर मध्यम ते तीव्र रक्तक्षय ओळखता येतो. सुया बहुतांशी गेल्या. वाढ खुंटलेल्या गर्भात उलट पाहतात: बाळ इतर अवयवांचे रक्त आखडते घेऊन मेंदूला पुरवत आहे का. जन्मानंतर तर निसर्गानेच खिडकी उघडी ठेवलेली असते. आजी जिथे तेल थापते त्या टाळूवर प्रोब ठेवला की मेंदूचा बराचसा भाग दिसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पहिल्या तीन दिवसांत होणारा रक्तस्राव बहुतेक याच वाटेने कळतो.

पक्षाघातात चित्र इतके सरळ नाही. मेंदूतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण आशियात, भारतातही, युरोपपेक्षा जास्त, म्हणून टीसीडीकडून मोठी आशा होती. २००७च्या ‘सोनिया’ अभ्यासाने ती मर्यादेत आणली. टीसीडीने धमनी ठीक आहे असे म्हटले तर ८६ टक्के वेळा ते खरे होते. अरुंद आहे म्हटले तर फक्त ३६ टक्के वेळा. म्हणजे वगळण्यासाठी उपयोगी, सिद्ध करण्यासाठी कमकुवत. मानेतल्या कॅरोटिडची गोष्ट वेगळी. ती वरवर आहे, सोनोग्राफीत स्वच्छ दिसते आणि कमाल वेग २३०च्या वर गेला तर ७० टक्क्यांहून अधिक अडथळा धरण्याचा संकेत बऱ्यापैकी टिकला आहे.

मग उपचाराची हौस आली. गुठळी विरघळवणारे औषध चालू असताना दोन तास टीसीडीची लहर तिच्यावर सोडत राहिली, तर औषध लवकर आत शिरेल, असा तर्क. अलेक्झांड्रोव्ह यांच्या २००४च्या ‘क्लॉटबस्ट’ चाचणीत १२६ रुग्णांपैकी लहर मिळालेल्यांत ४९ टक्के, न मिळालेल्यांत ३० टक्के रुग्णांची धमनी पूर्ण मोकळी झाली किंवा प्रकृती झपाट्याने सुधारली. बातम्या झाल्या. दरम्यान कमी वारंवारतेची लहर वापरणारी एक जर्मन चाचणी मेंदूत रक्तस्राव वाढल्यामुळे बंद करावी लागली, आणि २०१९मध्ये छापलेल्या मोठ्या ‘क्लॉटबस्ट-ईआर’ चाचणीत रुग्णांना काही फायदा दिसला नाही. तोवर तारेने गुठळी ओढून काढण्याचे तंत्र आलेच होते.

धमनीतून वाहत जाणाऱ्या बारीक गुठळ्या मात्र टीसीडीइतक्या कोणाला ऐकू येत नाहीत. प्रत्येक गुठळी जाताना चिवचिवाटासारखा आवाज देते. सिॲटलचे मेरिल स्पेन्सर यांनी पाणबुड्यांच्या रक्तातले बुडबुडे ऐकण्यापासून सुरुवात करून हे तंत्र मेंदूपर्यंत आणले. त्याचाच एक वापर म्हणजे हातातल्या शिरेत खळबळवलेले सलाइन देऊन, रुग्णाला कुंथायला सांगून, मेंदूत बुडबुडे पोहोचतात का ते ऐकणे. पोहोचले तर बहुधा हृदयाच्या पडद्यात भोक आहे. मेंदूमृत्यूत रक्त पुढे-मागे हेलकावताना दिसते. भारतात मात्र कायद्याने प्रमाण मानतात ते डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांना. कवटीतला दाब वेगाच्या आलेखावरून काढण्याची सूत्रे बरीच निघाली, त्यांतले एकही दाब मोजणाऱ्या नळीची जागा घेण्याइतके भरवशाचे नाही.

नवे तंत्र पॅरिसहून येत आहे. मिकाएल तान्तेर यांच्या गटाने सेकंदाला हजारो चित्रे घेणाऱ्या सोनोग्राफीने २०११मध्ये उंदराच्या मेंदूतले रक्त मिशा हलवल्यावर कुठे वाढते ते दाखवले, पुढे नवजात बाळांच्या टाळूतून तेच पाहिले. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून एकेकाचा माग काढला तर मिलिमीटरच्या अंशाएवढ्या वाहिन्यांचा नकाशा बनतो. २०२१मध्ये तो माणसाच्या अखंड कवटीतून काढून दाखवला गेला. इथे वेगाच्या जोडीला वाहिनीचा आकारही मिळतो, म्हणजे प्रवाह मोजण्याची जुनी अडचण सुटू शकते. प्रोब स्वतः जुळवून घेणारी यंत्रेही आली आहेत. पण हे सगळे अजून मोजक्या केंद्रांत आहे.

आणि सिकलसेलची मुले गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबारमध्ये आहेत. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाले; ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. रक्त तपासून सिकलसेल आहे एवढे कळते. कोणत्या मुलाचा मेंदू धोक्यात आहे, हे त्यापुढचे. भारतीय मुलांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, अल्फा थॅलेसेमियाही आढळतो, त्यामुळे आजार सौम्य राहतो असे पूर्वी मानत. विदर्भातल्या डॉक्टरांचा अनुभव तसा सरसकट नाही. अमेरिकेतला २०० आकडा इथे जसाच्या तसा लागू पडतो का, हे इथल्याच मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करून ठरवावे लागेल. तोवर तोच वापरणे इष्ट, कारण दुसरा पारखलेला आकडा नाही.

मधे एक कायद्याची अडचणही आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४चा. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आणि फिरत्या यंत्रांवर निर्बंध, हे योग्यच होते आणि आहे. पण त्यामुळे रंगीत डॉपलर जीपमध्ये घालून आश्रमशाळेत नेणे सोपे नाही. साध्या टीसीडीत चित्रच उमटत नाही, त्यातून गर्भाचे लिंग कळण्याचा प्रश्न येत नाही. हा फरक आरोग्य विभागाने जिल्हा अधिकाऱ्यांना लेखी कळवला, तर जुन्या, स्वस्त आणि मूळ आकडा ज्यावर बसला त्याच यंत्राने दुर्गम भागात काम करता येईल.

यंत्र घेण्याआधी त्या जिल्ह्याने आणखी दोन गोष्टींची व्यवस्था करावी: वेग वाढलेल्या मुलांना पुरेल एवढा हायड्रॉक्सियुरियाचा वर्षभराचा साठा आणि त्यासाठी लागणारी ठरावीक मुदतीची रक्ततपासणी. दोन ते सोळा वयाच्या प्रत्येक मुलाची टीसीडी वर्षातून एकदा, शेजारी त्या दिवसाचे हिमोग्लोबिन, यंत्राचा प्रकार आणि मागच्या वर्षीचा वेग, एवढे अहवालाच्या एका पानावर मावते.